क्लब विकला जाणार म्हणतात, मग विकला का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातले दहा-बारा मराठी मित्र कॉलेजपासून इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या एका फुटबॉल क्लबचे चाहते आहेत. मालकाने यंदा दोनदा खेळाडूंचे पगार उशिरा दिले. "विक्री अंतिम टप्प्यात आहे" हे वाक्य ते कित्येक महिने ऐकताहेत. तीन खरेदीदारांची नावं आली, त्यातले दोघं गेले. त्यांचं विचारणं असं: इतक्या लांबून खरं काय ते कसं ओळखायचं? आणि एका ग्रुपवर "क्लब वाचवा" म्हणून माणशी पाच हजार रुपये गोळा करणं चाललंय, ते द्यावेत का?

मी इथेच, वडोदऱ्यात, अडचणीत आलेल्या कंपन्यांच्या विक्रीचं आणि दिवाळखोरीच्या प्रकरणांचं काम करतो. मकरपुरा जीआयडीसीतला बंद पडलेला कारखाना आणि इंग्लंडमधला फुटबॉल क्लब यांना लागू होणारे कायदे वेगळे, पण विक्री अडते ती बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी. म्हणून "घेणारा कोण" या प्रश्नाच्या मागे तुम्ही इतके दिवस घालवलेत, तो जरा बाजूला ठेवा असं मी आधी सांगेन. त्याच्यापेक्षा दोन प्रश्न मोलाचे आहेत. विकायला नेमकं काय काय आहे, आणि विक्री होईपर्यंत दर महिन्याचे पगार कोणाच्या खिशातून जाताहेत? या दोन्हींची उत्तरं मिळाली की बातम्यांचा अर्थ आपोआप लागायला लागतो.

क्लबचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे एक गोष्ट तुम्हालाच तपासावी लागेल आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. क्लब अजून मालकाच्याच ताब्यात आहे, की त्याच्याविरुद्ध कोर्टात वाइंडिंग-अप पिटिशन, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा अर्ज, दाखल झालाय, की तो अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलाय, म्हणजे कर्जात बुडालेला क्लब चालवायला आणि विकायला नेमलेल्या माणसाच्या ताब्यात आहे? तिन्ही अवस्थांत "विक्री लांबली" याचा अर्थ वेगवेगळा होतो.

तपासणं सोपं आणि फुकट आहे. इंग्लंडच्या कंपन्यांची नोंदवही कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते, इथे बसूनसुद्धा. क्लबच्या नावाने शोधलंत की बहुधा एक नाही, दोन-तीन कंपन्या सापडतील: एक फुटबॉल क्लब चालवणारी, एक तिच्यावरची होल्डिंग कंपनी आणि कधी कधी एक निराळी, मैदान जिच्या नावावर आहे अशी. तिन्हींचे कंपनी नंबर टिपून घ्या आणि प्रत्येकीला "फॉलो" करा. नवीन कागद दाखल झाला की ईमेल येतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमला गेला असेल तर ते तिथे दिसेलच. वाइंडिंग-अप पिटिशनची जाहिरात मात्र 'द गॅझेट' या सरकारी राजपत्रात येते, आणि सुनावणीच्या किमान सात कामकाजाच्या दिवसांआधी ती यावी लागते. क्लबवरची अशी बरीचशी पिटिशनं तिथल्या कर खात्याची, एचएमआरसीची असतात. म्हणजे कामगारांच्या पगारातून कापलेला कर क्लबने सरकारात भरला नाही. आपल्याकडे टीडीएस कापून न भरणाऱ्या कंपनीबद्दल जे वाटावं तेच इथेही वाटायला हवं. हातातली रोकड संपल्याची ही खूण असते, आणि पगार उशिरा होण्याआधी ती बरेचदा दिसते.

आता पहिली अवस्था, कारण पगार उशिरा होताहेत आणि मालक "बोलणी चालू आहेत" म्हणतोय म्हणजे तुमचा क्लब बहुधा इथेच असावा. मालक ताब्यात आहे तोवर विकायचं की नाही, कोणाला आणि केवढ्याला, हे सगळं त्याच्या मर्जीवर असतं. लीग, म्हणजे स्पर्धा चालवणारी संस्था, दंड करते, गुण कापते, पण शेअर्सवर सही करायला ती त्याचा हात धरू शकत नाही. रेडिंगच्या चाहत्यांनी हे सगळ्यात जास्त सोसलं. दाई योंगे या मालकाच्या काळात वेगवेगळ्या आर्थिक चुकांसाठी क्लबचे मिळून १८ गुण कापले गेले. जानेवारी २०२४ मध्ये चाहते मैदानात उतरले आणि पोर्ट व्हेलविरुद्धचा सामना सोडून द्यावा लागला. २०२४ च्या सप्टेंबरात रॉब कूहिग यांच्याशी चाललेली बोलणी फिसकटली, आणि शेवटी मे २०२५ मध्ये विक्री झाली ती त्याच कूहिगना. मध्यंतरी लीगने मालकालाच अपात्र ठरवून विक्रीसाठी मुदत घातली, तेव्हा कुठे गाडं हललं. तेव्हा दोन खरेदीदार निघून गेले म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. आमच्या कामातही गेलेला खरेदीदार पुन्हा येतो, आणि येतो तेव्हा किंमत कमी करून येतो.

अशा मालकाच्या मनात काय चाललेलं असतं? त्याने क्लबमध्ये घातलेला पैसा पुष्कळदा कर्ज म्हणून दाखवलेला असतो. ताळेबंदात "मालकाचं देणं" म्हणून तो आकडा उभा असतो आणि तो परत मिळेल ही आशा सुटत नाही. घेणारा म्हणतो, हे कर्ज शून्य धरा. विकणारा म्हणतो, निम्मं तरी द्या. महिना उलटतो, तोटा आणखी वाढतो आणि दोघांमधलं अंतर कमी होण्याऐवजी रुंदावत जातं. क्लबचे मागचे वार्षिक हिशेब कंपनीज हाउसवर मिळतात, त्यात मालकाचं देणं किती आहे ते बघा. आकडा मोठा असेल आणि ते कर्ज माफ केल्याची बातमी कुठे नसेल, तर "अंतिम टप्पा" या शब्दांवर फार विसंबू नका.

दुसऱ्या अवस्थेची, म्हणजे पिटिशनची, खूण वर सांगितली. तिसरी अवस्था म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. नाव ऐकलं की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे, कारण लीग तत्काळ १२ गुण कापते. पण विक्रीच्या दृष्टीने ही अवस्था पुष्कळदा बरी असते. मालक बाजूला होतो. कोर्टाच्या संरक्षणामुळे वसुलीचे दावे थांबतात. विकणारा एकच माणूस उरतो आणि त्याच्यावर कायद्याचं बंधन असतं, की क्रेडिटरांना, म्हणजे क्लबकडून ज्यांचं येणं आहे त्यांना, शक्य तेवढं मिळवून द्यायचं. आपल्या आयबीसी या दिवाळखोरी कायद्याखालच्या रिझोल्यूशन प्रोफेशनलसारखंच हे पद आहे, पण एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे क्रेडिटरांच्या समितीच्या ६६ टक्के मतांशिवाय खरेदीदार ठरत नाही. तिकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर स्वतःच्या निर्णयाने विकू शकतो. मतदान लागतं ते देणी कमी करून मिटवण्याच्या करारासाठी, आणि तिथे रकमेच्या हिशेबाने ७५ टक्के पाठिंबा हवा असतो. आठ आठवड्यांच्या आत अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला आपला प्रस्ताव क्रेडिटरांना पाठवावा लागतो, आणि तो कंपनीज हाउसवर येतो. तो कागद अक्षर न् अक्षर वाचा. कोणाचं किती देणं, मैदान कोणाचं, किती जणांनी चौकशी केली, हातात पैसा किती आठवड्यांचा आहे, हे सगळं त्यात असतं. महिनाभराच्या उडत्या बातम्यांपेक्षा त्या कागदातून जास्त कळतं.

आता विकायला काय आहे ते बघू, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक व्यवहार इथेच अडकतात. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जर्सी, मैदान, खेळाडू असं सगळं एकत्र येतं. कागदावर ते एकत्र असेलच असं नाही. दांडिया बाजारातला जुना वाडा घ्यायला जावं आणि बांधकाम एका भावाच्या नावावर, जमीन दुसऱ्याच्या, आणि वर बँकेचा बोजा निघावा, तसं हे असतं. डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपलं प्राइड पार्क मैदान मालक मेल मॉरिस यांच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे आठ कोटी पौंडांना विकलं. त्या वेळी हिशेबात तोटा कमी दिसावा म्हणून हे केलं गेलं. २०२१ च्या सप्टेंबरात क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तेव्हा क्लब एका हातात आणि मैदान दुसऱ्या हातात होतं. घेणाऱ्याला दोन विकणाऱ्यांशी दोन सौदे जुळवायचे होते. शेफील्ड वेन्सडेचं हिल्सबरो मैदानही असंच मालकाच्या वेगळ्या कंपनीकडे गेलं होतं, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लबबरोबर ती मैदानाची कंपनीही अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये आली, त्यामुळे निदान दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर आल्या. तुमच्या क्लबचं मैदान कोणाचं, हे आजच बघा. कंपनीज हाउसवर प्रत्येक कंपनीच्या पानावर "चार्जेस" असा भाग असतो. तारण कोणाकडे, कधी ठेवलं आणि फिटलं की नाही, सगळं तिथे नोंदलेलं असतं.

'बरी' या क्लबचं उदाहरण लिहिताना अजूनही वाईट वाटतं. डिसेंबर २०१८ मध्ये स्टीव्ह डेल यांनी तो क्लब एका पौंडाला घेतला. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब. गिग लेन मैदानावर महागडं कर्ज होतं, आणि आधीच्या मालकाच्या काळात मैदानाजवळच्या पार्किंगच्या जागासुद्धा सुट्या सुट्या करून गुंतवणूकदारांना विकलेल्या होत्या. शेवटच्या क्षणी सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क ही कंपनी घ्यायला पुढे आली, कागद उघडून बघितले आणि माघारी गेली. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने बरीला काढून टाकलं. त्याच आठवड्यात शेजारच्या बोल्टनची विक्री मात्र झाली. दोन्हीकडचे चाहते सारखेच जीव टाकणारे होते. फरक पडला तो कागदांमुळे.

किंमत समजायलाही हाच मार्ग. "क्लब एका पौंडात गेला" ही बातमी खरी असते आणि तरीही दिशाभूल करते. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधून क्लब घेणाऱ्याला काय काय भरावं लागतं ते क्रमाने बघा. मैदानावरचं तारणी कर्ज तर आहेच. शिवाय लीगचा नियम असा, की "फुटबॉल क्रेडिटर", म्हणजे इतर क्लबांकडून खेळाडू घेतल्याचे (ट्रान्सफरचे) हप्ते आणि खेळाडूंचे थकलेले पगार, पै न् पै फेडायचे. डिसेंबर २०२० पासून एचएमआरसीला व्हॅट आणि पगारातून कापलेल्या करासाठी सामान्य क्रेडिटरांच्या पुढचा नंबर मिळालाय. उरलेल्यांना, म्हणजे केटरर, सुरक्षा कंपनी, छापखानावाला, यांना पौंडामागे निदान २५ पेन्स लगेच, किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स द्यायचे. तेवढं दिलं नाही तर पुढे आणखी १५ गुण जातात.

समजण्यासाठी गोल आकडे धरतो. तारणी कर्ज ७० लाख पौंड, फुटबॉल क्रेडिटर ४० लाख, एचएमआरसी ५० लाख, सामान्य क्रेडिटर ८० लाख. त्यांच्या ८० लाखांचे २५ टक्के म्हणजे २० लाख. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि वकिलांची फी २० लाख धरा. झाले दोन कोटी. आता क्लब महिन्याला आठ लाख पौंड तोट्यात चालतोय असं समजा. पहिल्या दीड वर्षाची सोय हवी, म्हणजे आणखी १ कोटी ४४ लाख. एकूण जवळजवळ साडेतीन कोटी पौंड, आणि यात एकही नवीन खेळाडू आलेला नाही. दोन कोटी दाखवणारा माणूस इथे अपुरा पडतो. तो खोटा असतो असं नाही. त्याचा हिशेब किमतीपाशी थांबलेला असतो, पुढच्या दीड वर्षापर्यंत पोहोचलेला नसतो. वर चालू वाद असतील तर तेही धरावे लागतात. डर्बीच्या वेळी मिडल्सब्रोने नुकसानभरपाईचा दावा लावलेला होता. तो मिटेपर्यंत आपण नक्की किती देणं अंगावर घेतोय हेच बोली लावणाऱ्यांना कळेना, आणि आठवडेच्या आठवडे गेले.

इथपर्यंतचं एकत्र करतो: आधी अवस्था ओळखा, मग मैदान आणि तारण कोणाकडे ते बघा, मग वरच्यासारखा ढोबळ हिशेब आपल्या क्लबच्या आकड्यांनी मांडा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर येईल ती प्रत्येक बातमी या हिशेबाशी ताडून बघायची.

बातम्यांतले शब्द वाचायची एक पद्धत आहे. "रस दाखवला" म्हणजे गुप्ततेचा करार करून कागद बघायला मागितले, एवढंच. त्याला खर्च जवळजवळ नाही, म्हणून अशी नावं ढिगाने येतात. "बोली लावली" म्हणजे आकडा सांगितला, आणि तोही बहुधा बंधनकारक नसतो. "प्रीफर्ड बिडर" किंवा "एक्सक्लुझिव्हिटी" म्हणजे काही आठवडे फक्त याच्याशीच बोलायचं ठरलं. इथे मी एकच विचारतो, की त्याबद्दल परत न मिळणारी रक्कम भरली का? भरली असेल तर माणूस गंभीर आहे. पुढे "करार झाला, लीगच्या मंजुरीच्या अधीन" ही खरी मोठी पायरी. मंजुरीत लीग मालकाची पात्रता तपासते, पैसा कुठून आला आणि पुढचा खर्च कसा भागवणार हे मागते. जुलै २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र फुटबॉल नियामक आलाय आणि मालकांच्या तपासणीत आता त्याचाही अधिकार आहे. मैदान विकायलाही त्याची परवानगी लागणार आहे, ही तुमच्यासारख्या क्लबांच्या चाहत्यांसाठी मोलाची गोष्ट आहे.

पैशाच्या पुराव्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लांबून बघणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बँकेचं पत्र म्हणजे पुरावा नव्हे. "आमच्या या ग्राहकाची एवढी ऐपत आहे" असं पत्र बँक देते, पण त्यात पैसे देण्याची हमी नसते. त्याहून बरं म्हणजे खात्याचा उतारा, आणि सर्वात पक्कं म्हणजे सौद्याची रक्कम इंग्लंडमधल्या वकिलाच्या खात्यात येऊन पडणं. डर्बीसाठी ख्रिस कर्चनर या अमेरिकन उद्योजकाला एप्रिल २०२२ मध्ये प्रीफर्ड बिडर ठरवलं. करार झाला, तारखा जाहीर झाल्या, तो सामन्यांनाही दिसला. पैसे काही आले नाहीत, आणि जूनमध्ये तो बाहेर पडला. पुढे अमेरिकेत स्वतःच्या कंपनीतल्या फसवणुकीबद्दल तो दोषी ठरला. डर्बी वाचवली ती डेव्हिड क्लाउज या स्थानिक विकासकाने. त्याने आधी क्लब चालू राहावा म्हणून कर्जाऊ पैसे दिले, मैदान ताब्यात घेतलं आणि १ जुलै २०२२ ला क्लब घेतला. सुरुवातीला मी पगाराचा प्रश्न काढला तो यासाठीच. विक्रीच्या आधी, कागद पुरे होण्याच्या आधी, जो महिन्याचा खर्च उचलतो त्याच्याकडे रोकड आहे एवढं तरी सिद्ध होतं.

तेवढंच सिद्ध होतं, हेही सांगायला हवं. एव्हर्टन हा क्लब ७७७ पार्टनर्स या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरात घ्यायचं ठरवलं आणि मंजुरीची वाट बघत असताना सुमारे २० कोटी पौंड कर्ज म्हणून ओतले. मे २०२४ अखेर तो सौदा मोडला, कारण त्यांचाच डोलारा कोसळत होता. क्लबच्या डोक्यावर त्यांचं कर्ज मात्र राहिलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडकिन ग्रुपने क्लब घेतला तेव्हा त्याचा निकाल लावावा लागला. म्हणून खर्च उचलणाऱ्याने तो कोणत्या अटींवर उचलला, हेही बघायचं. चार्जेसच्या यादीत नवा तारणदार आला का ते पाहिलंत की कळेल.

कॅलेंडर भिंतीवर लावा असं मी मुद्दाम सांगतो. महिन्याचा शेवटचा कामकाजाचा दिवस पगाराचा. २२ तारीख एचएमआरसीला पगारातला कर ऑनलाइन भरण्याची. लीगच्या नियमानुसार १२ महिन्यांत देणी एकूण ३० दिवसांहून अधिक उशिरा गेली, तर पुढच्या तीन विंडोंत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी ठरलेल्या मुदतींत, पैसे मोजून खेळाडू घेता येत नाही. ट्रान्सफर बंदी असलेल्या क्लबांची यादी लीग आपल्या संकेतस्थळावर कारणासह देते, तीही बघत जा. एप्रिल-मे मध्ये सीझन तिकिटांचा पैसा येतो आणि दोन महिने सगळं ठीक वाटतं. ऑगस्ट उजाडेपर्यंत तो संपतो. उन्हाळ्यातली शांतता बघून हुरळून जायचं नाही ते यामुळे. मोरकॅम्ब हा क्लब २०२५ मध्ये याच महिन्यांत मरणाच्या दारात होता. त्याच्या लीगने निलंबित केलं, सीझन सुरू होऊनही संघ खेळत नव्हता, आणि ऑगस्टच्या मध्यावर पंजाब वॉरियर्स या गटाकडे विक्री झाली. इतक्या काठावरूनही क्लब परत येतात.

आता तुमचे पाच हजार. माझं उत्तर आहे, त्या ग्रुपला देऊ नका. गोळा करणारा अप्रामाणिक आहे असं मी म्हणत नाही. पण बारा जणांचे साठ हजार रुपये म्हणजे साधारण पाच-सहाशे पौंड एका मित्राच्या बचत खात्यात येणार, तिथून परदेशात जाणार, कोणाला हे पक्कं नाही, आणि मालक ताब्यात असताना ते थेट क्लबला गेले तर मालकाच्या तोट्याच्या खड्ड्यात जाणार. त्याबदल्यात तुम्हाला ना शेअर, ना मत, ना पावती. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यालाच उद्या बँक आणि आयकर खातं विचारणार. उत्तम माणसालाही अशा अडचणीत टाकू नये.

क्लबसाठी काही करायचंच असेल, आणि करावंसं वाटणं मला पूर्ण समजतं, तर क्लबचा सपोर्टर्स ट्रस्ट, म्हणजे चाहत्यांची स्वतःची संस्था, शोधा. अशा बहुतेक संस्था कम्युनिटी बेनिफिट सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात आणि फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या तिथल्या आर्थिक नियामकाच्या म्युच्युअल्स रजिस्टरमध्ये त्यांची नियमावली आणि हिशेब फुकट वाचायला मिळतात. नोंद नसेल तर तिथेच थांबा. असेल तर प्रत्येकाने आपापल्या कार्डाने, आपल्या नावाने सभासदत्व घ्या. वर्गणी सहसा किरकोळ असते, आणि त्याने मत मिळतं. ट्रस्टने निधी काढला असेल तर तीन गोष्टी विचारा: पैसा वेगळ्या खात्यात आहे का, विक्री झाली नाही तर परत मिळणार का, आणि झाली तर शेअर कोणाच्या नावे? पोर्ट्समथच्या चाहत्यांनी हे नेमकं बरोबर केलं. हजार हजार पौंडांचे शेअर दोन हजारांहून जास्त लोकांनी घेतले, एप्रिल २०१३ मध्ये क्लब ट्रस्टच्या ताब्यात आला, आणि २०१७ मध्ये मायकल आइझनर यांना विकायचा की नाही हेही त्यांनी मतदानाने ठरवलं.

जर्सी आणि तिकिटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. उत्तर पुन्हा अवस्थेवर आहे. शेफील्ड वेन्सडेच्या चाहत्यांनी मालक असेपर्यंत सामन्यांवर आणि दुकानावर बहिष्कार घातला, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आल्याच्या दिवसापासून त्याच दुकानासमोर रांगा लावल्या. दोन्ही वेळी ते बरोबर होते. आधी खरेदी न करणं हा मालकावरचा दबाव होता, नंतर खरेदी करणं म्हणजे पुढच्या पगाराला हातभार. तेव्हा आत्ता ट्रस्ट काय सांगतोय ते ऐका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर येताच जर्सी घ्या, स्ट्रीमचा पास घ्या, आणि ते क्लबच्या स्वतःच्या दुकानातून घ्या.

आपल्याकडच्या चाहत्याला आणखी एक भीती असते, की नवा मालक क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेईल. ती भीती कुठून येते ते उघड आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली, आणि तिथे पगार थकण्याचं नाटक पुन्हा होऊन २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. बालेवाडीला जाणाऱ्या पोरांना कोणी विचारलंही नाही. इंग्लंडमध्ये क्लब गावाला बांधलेला असतो. विम्बल्डन २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेला. त्या निर्णयावरूनच एवढा गहजब झाला, की क्लब प्रत्यक्ष हलण्याआधी, २००२ मध्ये चाहत्यांनी आपला नवा एएफसी विम्बल्डन उभा केला आणि तो आज लीगमध्ये खेळतोय. बरीच्या चाहत्यांनीही गिग लेन परत मिळवलं. तेव्हा स्थलांतराची काळजी तुम्ही सोडा. खरी काळजी मैदान क्लबपासून तुटण्याची करा.

आणि विक्री झाल्याची घोषणा झाली, फोटो आले, म्हणजे तपासणी संपली असं समजू नका. कंपनीज हाउसवर जुने संचालक जाणं, नवे येणं आणि नियंत्रण असलेल्या व्यक्तीची नोंद बदलणं हे साधारण १४ दिवसांत दिसायला हवं. नवीन तारण असेल तर त्याची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. म्हणून घोषणेनंतर तीन आठवड्यांनी मैदानाच्या कंपनीचं चार्जेसचं पान पुन्हा उघडा. तिथे एखाद्या कर्ज देणाऱ्या संस्थेचं नवं नाव दिसलं तर नव्या मालकाने क्लब क्लबच्याच मालमत्तेवर कर्ज काढून घेतलाय असं समजा, आणि ट्रस्टच्या पुढच्या सभेत त्या कर्जाचा व्याजदर आणि मुदत काय, हे सभासद म्हणून विचारा.